टोमॅटोवरची अळी ओळखायचीय? रंग बघणं सोडा

अळी दिसली की लोक फोटो काढतात आणि विचारतात, "हिरवी आहे, कोणती असेल?" अहो, टोमॅटोवर सापडणाऱ्या कितीतरी अळ्या हिरव्याच असतात! घाटेअळी, म्हणजे फळ पोखरणारी, हिरवी असते, तपकिरी असते, गुलाबीसरसुद्धा असते, एकाच झाडावर दोन रंगांच्या सापडतात आणि दोन्ही तीच निघतात. म्हणून तिने काय खाल्लंय आणि कसं खाल्लंय ते बघा.

सोप्या आधी उरकू. कमान करत चालते ती उंटअळी. बोटाएवढी जाड आणि शेपटाला शिंग असेल तर ती एका मोठ्या पतंगाची, शिंगाने काही होत नाही, उचलून टाका.

खरा घोळ होतो घाटेअळी आणि स्पोडोप्टेरा (हिलाच तंबाखूवरची अळी म्हणतात) यांच्यात, कारण दोघी पानंही खातात आणि फळंही. फळाला गोल भोक, अळीचं डोकं आत आणि मागचं अंग बाहेर, तर घाटेअळी. तिचा पतंग कोवळ्या शेंड्यांवर एकेक सुटं अंडं घालतो. स्पोडोप्टेराची मादी शेकडो अंड्यांचा पुंजका घालते, वर तपकिरी केसांचं पांघरूण, आणि त्यातून निघालेली पिल्लं घोळक्याने पानाचा हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार होतं. असं पान दिसलं की तिथल्या तिथे तोडा, उद्यावर टाकू नका, पिल्लं पांगली की मग एकेक शोधत बसावं लागतं.

स्पोडोप्टेराची अळी मोठी झाली की पंचाईत वाढते. दिवसा ती मातीत नाहीतर कुंडीखाली लपते, सकाळी पानं कुरतडलेली आणि अळी गायब, की लगेच गोगलगायीवर खापर! पुण्यात पावसाळ्यात गोगलगायी असतात हे खरं, पण त्यांची चकचकीत रेघ मागे राहते. रेघ नाही आणि पानांवर लेंड्या आहेत, तर अळीच. रात्री जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन गच्चीत जा, अंगावर काळे त्रिकोणी ठिपके दिसले तर स्पोडोप्टेरा.

पानात नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नागअळी, ती माशीची. रुंद पापुद्रा आणि आत काळी घाण असेल तर टुटा, म्हणजे पान पोखरणारी एका पतंगाची अळी, भारतात ती पहिल्यांदा सापडली २०१४ मध्ये, आपल्या पुण्याकडेच.

नाव पक्कं झाल्याशिवाय कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा, घेऊ नका, प्रत्येक पतंगाची ल्युअर, म्हणजे त्यात ठेवायची वासाची गोळी, वेगळी असते. आणि अळ्यांसाठी मिळणारं बीटी, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं कीटकनाशक, माशीच्या नागअळीवर चालत नाही, तिथे ती पानंच खुडा.