ना. घ. देशपांडे यांच्या तबकड्यांची यादी कशी करावी

कवी ना. घं.ची गाणी जुन्या ग्रामोफोन तबकड्यांत शोधायची तर आधी गायकाचं नाव धरा. जुन्या लेबलवर गायक ठळक, कवी बारीक अक्षरात, कधी नसतोच. म्हणून जी. एन. जोशींपासून सुरुवात करा. 'रानारानांत गेली बाई शीळ' ही १९३०च्या दशकातली तबकडी. मराठी भावगीताला खरा सूर इथेच सापडला, असं माझं ठाम मत आहे. मग 'नदीकिनारी' ऐका.

लेबलवरचा क्रमांक वहीत उतरवाच, पण तबकडी उजेडात तिरकी धरून लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यातला मॅट्रिक्स नंबरही, म्हणजे साच्यावरून उमटलेला क्रमांक, टिपा. लेबल फाटलं तरी तो राहतो. पुसताना स्पिरिट अजिबात नको, तबकडीतली लाख विरघळते.

सालांची गल्लत करू नका. गाणं आधी गाजलं, 'शीळ' हा संग्रह १९५४चा. मेहकरात वकिली करणारा हा कवी घराघरांत पोचला तो तबकडीमुळे, हे आमच्या बुलढाण्याकडच्या पोरांना मी आवर्जून सांगतो. संग्रह समोर उघडा ठेवूनच ऐका. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. त्यात एखादं कडवं गळालं असेल, तर तेही यादीत नोंदवा.