ताकेमित्सूंचे शरदातले उद्यान कसे ऐकावे

जपानी संगीतकार तोरु ताकेमित्सू (१९३०–१९९६) यांची 'शूतेइगा इचिगु' ही रचना ऐकताना ख्यालाला सरावलेला कान थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. समेची वाट पाहत बसलात तर ती येत नाही आणि मग सारेच विस्कळीत वाटू लागते. या नावाचा अर्थ साधारणपणे 'शरदातल्या उद्यानाच्या गीताचा पूर्ण संच' असा होतो. हजार वर्षांहून जुन्या गागाकू या जपानी दरबारी संगीताच्या वाद्यांसाठी ताकेमित्सूंनी १९७३ मध्ये एक भाग लिहिला, आणि १९७९ पर्यंत त्याभोवती आणखी पाच भाग रचले. पूर्ण रचनेला २९ वादक लागतात.

पहिल्या दिवशी फक्त चौथा भाग ऐकावा. हाच १९७३ चा मूळ भाग आहे. मोबाईलच्या स्पीकरवर मात्र तो मुळीच ऐकू नये, कारण वादक एका जागी बसलेले नसतात: मध्यभागीच्या संचाने उच्चारलेला स्वर मागच्या व बाजूच्या गटांकडून काहीसा उशिराने, बदलून परत येतो. हे अंतर हाच या रचनेचा प्राण आहे, असे मला वाटते. म्हणून चांगला हेडफोन वापरावा किंवा दोन स्पीकर एकमेकांपासून दूर ठेवावेत.

आता 'शो' या वाद्याच्या मागे जावे. बांबूच्या सतरा नळ्यांचा हा लहानसा जुडगा ओंजळीत धरून वाजवतात, आणि माउथ ऑर्गनप्रमाणे तो श्वास घेतानाही वाजतो, सोडतानाही. एकाच वेळी पाच-सहा स्वर निघतात. ते हळूहळू फुगतात, श्वास उलटतो त्या क्षणी किंचित ओसरतात आणि पुन्हा भरतात. तंबोऱ्यासारखा हा आधार स्थिर नाही, हे एकदा कानाला पटले की पुढची वाट सोपी होते. श्वासाच्या ओलाव्याने नळ्यांतील रीड (कंप पावून स्वर देणाऱ्या पातळ पट्ट्या) बिघडू नयेत म्हणून वादक शो छोट्या शेगडीवर फिरवत गरम करतात; मैफलीचे चित्रीकरण मिळाल्यास ते हात अवश्य पाहावेत. हिचिरिकी या गागाकूतल्या दुसऱ्या फुंकवाद्याचा सनईच्या जातीचा धारदार स्वर आपोआप कानात शिरतो, त्यासाठी वेगळा प्रयत्न नको.

आपला शरद कोजागरीच्या चांदण्याचा, तिकडचा तांबड्या पानांचा. पण पानगळीचे चित्र सुरांत शोधू नये. येथे वर्णन नाही, उद्यानातून चालणे आहे.

सहाही भाग सलग ऐकायला सुमारे पाऊण तास मोकळा ठेवावा. पहिल्या भागाचे नाव 'स्ट्रोफी' आणि शेवटच्याचे 'अँटिस्ट्रोफी' आहे. प्राचीन ग्रीक नाटकातला गायकवृंद एका दिशेने सरकत गाई ती स्ट्रोफी, उलट फिरून गाई ती अँटिस्ट्रोफी. त्यामुळे सहाव्या भागात ओळखीचे काही कानी आले, तर ते पुनरावृत्ती म्हणून सोडून न देता, तीच वाट दुसऱ्या टोकाकडून चालत असल्याप्रमाणे ऐकावे.