टाकीवर अल्ट्रासोनिक सेन्सर लावताय? या चुका टाळा

“दादा, मोबाइलवर टाकी भरलेली दिसतीय, अन् नळाला थेंब नाही!” मे महिन्यात लातूरच्या एका मावशींचा फोन. सेन्सर मीच बसवलेला. हा सेन्सर वरून आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढतो. गच्चीवर जाऊन झाकण उघडलं, तर टाकीचा तळ दिसत होता आणि सेन्सर म्हणत होता, पाणी 26 सेंटिमीटरवर आहे. बॉल कॉकची दांडी बरोबर तेवढ्याच अंतरावर होती. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. पहिला प्रतिध्वनी त्याला दांडीकडून येत होता.

आवाज टॉर्चच्या उजेडासारखा पसरतो. मधल्या रेषेपासून एका बाजूला 15 अंश धरले, तरी दीड मीटर खाली तो 40 सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणून बॉल कॉक, पाण्याची धार आणि टाकीची भिंत, तिन्हींपासून लांबची जागा शोधा. शंका आली की सेन्सर काढून हातात धरा आणि समोर वही धरून टेपने मोजा. इथे आकडा बरोबर आला, तर बिघाड जागेत आहे. नवा सेन्सर आणायला धावू नका.

तिरका सेन्सर हीसुद्धा नेहमीची भानगड. शांत पाणी म्हणजे आरसा. सेन्सर 5 अंश कलला की परतणारा आवाज 10 अंश बाजूला जातो. पाणसळ लावून बघा. झाकणावर दगड ठेवायची आपल्याकडे सवय, त्यात झाकण वाकतं आणि सेन्सरही.

निवडताना: दोन डोळ्यांचं स्वस्त एचसी-एसआर04 मॉड्यूल टेबलावर शिकायला छान आहे. टाकीतल्या दमटपणात ते टिकत नाही. बंद तोंडाचा, वॉटरप्रूफ घ्या. मात्र जेएसएन-एसआर04टी सारख्या मॉड्यूलला साधारण 20 ते 25 सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की आकडे वेड्यासारखे नाचतात, सेन्सरवर चालणारी मोटर बंद होत नाही आणि पाणी गच्चीवरून वाहतं. सेन्सर भरलेल्या पातळीपासून किमान 30 सेंटिमीटर वर उचलून बसवा.

आता उन्हाळ्याचा घोळ. हवेत आवाजाचा वेग 20 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, 45 अंशाला 358. काळ्या टाकीत मे महिन्यात ही गरमी सहज होते. सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये 343 कायम ठेवलं, तर 100 सेंटिमीटरचं अंतर 96 दिसतं, म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा 4 सेंटिमीटर जास्त. हजार लिटरच्या टाकीत हे जवळपास दोन घागरी पाणी झालं. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या शहरात दोन घागरी कुणी हसण्यावारी नेत नाही. टाकीच्या आत, सेन्सरशेजारी तापमानाचा छोटा सेन्सर लावा आणि वेग त्यावरून काढा: 331 अधिक 0.6 गुणिले तापमान.

सेन्सरच्या आकड्यांची सरासरीही काढू नका. सात आकडे घ्या, क्रमाने लावा, मधला उचला. एक चुकार प्रतिध्वनी सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला धक्का लावत नाही.

बोअरमध्ये मात्र हा सेन्सर सोडायच्या भानगडीत पडू नका. साडेसहा इंची भोकात आवाज भिंतींवरच आपटत बसतो, आणि पाणी कैक फूट खाली. तिथे पाण्यात बुडणारा दाबाचा सेन्सरच लागतो.