कॅनच्या गठ्ठ्यातून प्लास्टिक काढताना या चुका टाळा

पेयाचा ॲल्युमिनियम कॅन पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतो. खनिजापासून धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्क्यांत जुन्या कॅनचा धातू नव्याने तयार होतो. अशा चांगल्या वस्तूभोवती प्लास्टिक येतं ते एकत्र धरण्यासाठी: सहा कॅनची रिंग, चोवीस कॅनच्या ट्रेवरची श्रिंक फिल्म (उष्णतेने आवळून बसणारं प्लास्टिक), पॅलेटभोवती, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौथऱ्याभोवती, ताणून गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म. काम काही आठवड्यांचं, मागे उरणं मात्र कित्येक वर्षांचं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात एक कासव सापडलं. लहानपणी अंगात अडकलेली सहा कॅनची रिंग तशीच राहिली आणि त्याचं कवच इंग्रजी आठच्या आकड्यासारखं कमरेत आवळून वाढलं. रिंगा कात्रीने कापून टाका, हा सल्ला अशाच कारणाने दिला जातो. कापल्याने गळ्यात अडकायचं टळतं, प्लास्टिक तेवढंच राहतं.

पर्याय आज खरोखर उपलब्ध आहेत. पुठ्ठ्याची वरून बसणारी क्लिप, पुठ्ठ्याचं खोकं, कागदी लगद्याची साचेबंद रिंग, कॅन एकमेकांना चिकटवणारे गोंदाचे ठिपके. तरीही अनेक छोटे उत्पादक बदल करतात, गठ्ठे वाटेत सुटतात आणि काही महिन्यांत पुन्हा श्रिंक फिल्म आणली जाते. दोष बहुतेक वेळा पर्यायाचा नसतो. पर्याय ज्या परिस्थितीत वापरला जाणार, तिचा विचार आधी झालेला नसतो, आणि म्हणून एक चांगला प्रयत्न वाया जातो.

पुठ्ठा कोरडा असताना पारखणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नमुना टेबलावर येतो, सगळे तो उचलून बघतात, मजबूत वाटतो, ऑर्डर जाते. पण पेयाचा कॅन टेबलावर कोरडा बसून राहत नाही. तो फ्रीजमध्ये जातो, बाहेर दमट हवेत येतो आणि त्याच्यावर पाण्याचे थेंब धरतात. कधी अख्खा गठ्ठाच बर्फाच्या पाण्यात बुडवला जातो. कागदाची ताकद असते तंतूंच्या एकमेकांशी असलेल्या बंधांत, आणि पाणी नेमके तेच बंध सैल करतं.

त्यात वजन पाहा. ३३० मिलिलिटरचे सहा भरलेले कॅन म्हणजे २ किलोहून थोडं जास्त. हे सगळं वजन दोन बोटं घालायच्या भोकांवर येतं.

म्हणून चाचणी ओली करा. गठ्ठा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढून दमट खोलीत थेंब धरू द्या, मग मुठीत धरून उचला आणि जिना चढताना बसतो तसा हिसका द्या. दुसरा नमुना अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवून हेच करा. इथे टिकला तरच पुढे बोलायचं.

फाटला तर कुठून फाटला ते नीट बघा. बोटांच्या भोकाच्या कोपऱ्यातून चीर गेली असेल तर कटाईचा कोपरा टोकदार आहे, तो गोल करून घ्या. चीर सरळ रेषेत लांबवर गेली असेल तर तंतूंची दिशा चुकली आहे. पुठ्ठा बनताना तंतू बहुतांश एका दिशेने बसतात आणि त्या दिशेने ओढ सहन करायची त्याची ताकद जास्त असते. उचलण्याची ओढ त्याच दिशेने येईल असा आराखडा हवा. कागद वाचवण्यासाठी छपाईत आकृती आडवी फिरवली जाते आणि ही दिशा बदलते. पुरवठादाराला हे आधीच बजावून सांगावं लागतं.

इथेच आणखी एक सदिच्छेने होणारी चूक: सगळा पुठ्ठा शंभर टक्के पुनर्वापरित कागदाचाच हवा असा आग्रह. कागद दर वेळी लगद्यात जाऊन परतला की त्याचे तंतू आखूड होतात. ट्रेसाठी, थरांमधल्या पॅडसाठी तो उत्तम. ओल्या अवस्थेत वजन पेलणाऱ्या क्लिपला मात्र लांब तंतूंचा क्राफ्ट बोर्ड (लाकडाच्या ताज्या लगद्याचा मजबूत पुठ्ठा) लागतो, आणि ओलाव्यात ताकद टिकवणारी प्रक्रिया केलेला. तो जबाबदारीने राखलेल्या जंगलातल्या लाकडाचा आहे ना, हे विचारा. भिजू नये म्हणून पॉलिथिनचा थर देऊ केला तर नको म्हणा, कारण पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेलं प्लास्टिक सुट्या प्लास्टिकपेक्षा वेगळं करायला अवघड जातं. पाण्यात मिसळून लावलेले पातळ लेप मिळतात. पण त्यांचाही कागद पुन्हा लगदा होतो याची चाचणी झालेली आहे का, हे लेखी मागा.

‘विघटनशील’ शब्दावर विसंबणं

पाकिटावर हा शब्द दिसला की खरेदी करणाऱ्याचं मन हलकं होतं. पण कुठे, किती तापमानाला, किती दिवसांत, हे सांगितलेलं नसेल तर त्या शब्दाला काही वजन नाही.

अमेरिकेत १९८८ मध्ये कायदा झाला आणि १९९४ च्या नियमाने प्लास्टिकच्या रिंगा उन्हात मोडणाऱ्या असणं बंधनकारक झालं. त्या नियमात पाहिलं जातं ते प्लास्टिक उन्हात ठिसूळ होऊन तुटतं का, एवढंच. जनावर सुटेल, हा मोठाच फायदा. पण ठिसूळ तुकडे प्लास्टिकचेच राहतात आणि मातीत-पाण्यात जातात. शिवाय पाण्याखाली, गाळात, कचऱ्याच्या ढिगात ऊन पोहोचतच नाही. साध्या प्लास्टिकमध्ये द्रव्य मिसळून लवकर तुकडे पाडणारं ‘ऑक्सो’ प्लास्टिक याच कारणाने युरोपीय संघाने २०२१ पासून बाजारातून बाद केलं.

कंपोस्ट होणाऱ्या मालाचंही असंच. युरोपचं ‘ईएन १३४३२’ हे मानक कडक आहे: औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत, आणि ६ महिन्यांत किमान ९० टक्के जैविक विघटन व्हायला हवं. पण हे घडतं ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास, हवा आणि ओलावा सांभाळलेल्या ढिगात. घरामागच्या खड्ड्यात नाही आणि समुद्रात तर नाहीच. तुमचा माल जिथे विकला जातो तिथे असा कंपोस्ट प्रकल्प चालतो का आणि तो पॅकिंग स्वीकारतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर साधा, लेप नसलेला पुठ्ठा बरा, कारण रद्दी गोळा करणारी व्यवस्था कंपोस्टच्या व्यवस्थेपेक्षा खूप जास्त ठिकाणी असते.

२०१६ मध्ये फ्लोरिडातल्या सॉल्टवॉटर ब्रुअरीने बिअर गाळून उरलेल्या गहू-बार्लीच्या चोथ्याची रिंग जगासमोर आणली. कल्पना सुंदर आहे आणि तिने या प्रश्नाकडे खूप लोकांचं लक्ष वेधलं. पण चोथ्याची किंवा लगद्याची रिंगही ओलावा ओढते. गोदामात जमिनीलगत, उघड्यावर ठेवली की मऊ पडते आणि भरताना चिरते. कोरड्या जागी, बंद खोक्यात ठेवा आणि जुना साठा आधी वापरा. ती कुजते म्हणून कुठेही टाकली तरी चालेल, असं चुकूनही सुचवू नका.

ओल्या कॅनवर गोंद

कार्ल्सबर्गने २०१८ मध्ये गोंदाच्या ठिपक्यांनी जोडलेले कॅन बाजारात आणले. एकत्र बांधण्याचं प्लास्टिक त्यामुळे ७६ टक्क्यांपर्यंत कमी होतं असं कंपनीने सांगितलं. योग्य गोंद सापडायला ३ वर्षं लागली. साधा हॉट मेल्ट (गरम करून वितळवून लावायचा गोंद) आणून हे आठवड्यात जमेल असं समजणं म्हणूनच धोक्याचं.

वायूयुक्त पेय थंड असतानाच भरतात. लाइनवरून येणारा कॅन धुतलेला, ओला आणि गार असतो. पुसला तरी पुन्हा दव धरतं. गोंद सुटत असेल तर गोंद बदलण्याआधी कॅन बघा: कोरड्या हवेचा झोत पुरेसा आहे का, कोमट पाण्याच्या फवाऱ्याखालून नेऊन कॅन खोलीच्या तापमानाला आणलाय का? उलट, कॅन वेगळा करताना रंग उपटून येत असेल तर ठिपका मोठा आहे किंवा गोंद जास्त कडक आहे.

मापाचा घोळ

सगळे कॅन सारखे नसतात. नेहमीचा कॅन ६६ मिलिमीटर व्यासाचा, उंच सडपातळ ‘स्लीक’ ५८ चा आणि ‘स्लिम’ ५३ चा. झाकणांची मापंही वेगळी. क्लिप कॅनला पकडते ती मानेशी, झाकणाच्या कडेखाली, त्यामुळे एका मापाची क्लिप दुसऱ्यावर ‘चालून जाईल’ असं होत नाही. कॅन निसटत असतील तर आधी हेच तपासा.

गरजेपेक्षा जास्त पुठ्ठा

प्लास्टिकची रिंग अवघी काही ग्रॅमची. तिच्या जागी चारही बाजूंनी बंद जाड खोकं आलं तर प्लास्टिक जातं, पण कागद, पाणी, ऊर्जा आणि वाहतुकीचं वजन वाढतं. कॅनच्या बाबतीत याची फारशी गरजही नसते. आतल्या दाबामुळे भरलेला कॅन ताठ असतो. बिनवायूच्या पेयात द्रव नायट्रोजनचा थेंब टाकून हाच ताठपणा आणतात. रचलेल्या थराचं वजन कॅनच पेलतो, खोकं नाही. धातूतून उजेडही आत जात नाही. मग झाकणं धुळीपासून झाकणारी आणि कॅन एकत्र धरणारी क्लिप पुरते. २०२० पासून युरोपात कोका-कोला भरून विकणाऱ्या कंपन्यांनी अशाच क्लिपा स्वीकारल्या. सुटे बारा-चोवीस कॅन दूर पाठवायचे असतील तरच खोक्याचा विचार करा.

रिंग गेली, बाकी तसंच

गठ्ठ्यावरचं प्लास्टिक ग्राहकाला दिसतं म्हणून ते आधी जातं. पॅलेटवरची फिल्म आणि कॅनवर चढवलेली छापील प्लास्टिकची स्लीव्ह मात्र राहून जाते. ही स्लीव्ह मला जास्त खटकते, कारण ती थेट ॲल्युमिनियमसोबत भट्टीकडे जाते आणि तिथे जळते. कमी संख्येच्या मालासाठी आता थेट कॅनवर डिजिटल छपाई होते, ती आधी विचारून पाहा. ते परवडत नसेल तर फाडायची रेघ असलेली स्लीव्ह घ्या आणि ‘काढून मग टाका’ असं मोठ्या अक्षरांत छापा. पॅलेट कलत असेल तर फिल्मचे वेढे वाढवण्याआधी थरांमध्ये न घसरणारे कागदी पॅड आणि वर चौकट देऊन पट्टा आवळून पाहा.

कॅनच्या वर दाबून बसवायच्या कडक प्लास्टिकच्या मुठी पुनर्वापरित प्लास्टिकच्या असल्या तरी त्या परत गोळा करण्याची सोय असेल तरच घ्याव्यात. काळ्या रंगाच्या तर नकोतच: वर्गीकरणाच्या यंत्रातल्या अवरक्त किरणांना नेहमीचा काळा रंग ओळखता येत नाही. युरोपात १ जानेवारी २०३० पासून विक्रीच्या ठिकाणी कॅन एकत्र बांधणाऱ्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी येते आहे. तिथे माल पाठवणाऱ्यांना हा बदल तसाही चुकणार नाही.

ग्राहकाला काहीच न सांगणं

लोक रिकामे कॅन चेपून त्याच खोक्यात परत भरतात आणि खोकं बंद करून टाकतात. हेतू चांगला, पण सरमिसळ कचऱ्याच्या यंत्राला तो कागद दिसतो आणि धातू कागदाच्या ढिगात जातो. अगदी सपाट केलेला कॅनही काही ठिकाणी कागदात मोजला जातो. क्लिपच्या आतल्या बाजूला रिकामी जागा असते. तिथे दोनच ओळी छापा: पुठ्ठा सपाट करून कागदात टाका, कॅन न चेपता धातूत टाका.