लाल समुद्र की केप: जहाजमालकाने सफर कशी आखावी

मुंबई किंवा मुंद्रा येथून युरोपकडे निघणाऱ्या जहाजाचा मार्ग ठरतो, तेव्हा बहुतेक कार्यालयांत सुरक्षेची फाइल एका टेबलावर आणि उत्सर्जनाची फाइल दुसऱ्या टेबलावर असते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि तेव्हापासून ही वाटणी महागात पडू लागली. लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून जायचे की आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा, हा प्रश्न सुरक्षेचा असला तरी त्याचे बिल इंधनाच्या आणि कार्बनच्या खात्यात येते. पुढील विवेचन ५,००० ग्रॉस टनेजहून (जहाजाच्या आकारमानाचे माप) मोठे बल्क कॅरिअर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल वाहणारे जहाज, चालवणाऱ्या, एक-दोन जहाजांच्या मालकाला समोर ठेवून केले आहे.

सर्वप्रथम दोन्ही मार्गांचा हिशेब एकाच कागदावर मांडावा. समजा, जहाज १३ नॉटच्या (ताशी १३ सागरी मैल) वेगाने रोज २८ टन जड इंधन जाळते आणि केपमुळे दहा दिवस वाढतात. जादा इंधन २८० टन झाले. जड इंधनाच्या प्रत्येक टनामागे ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो, म्हणजे सुमारे ८७२ टन. युरोपीय संघाबाहेरील बंदरातून संघातील बंदरात येणाऱ्या सफरीचे निम्मे उत्सर्जन तेथील उत्सर्जन व्यापार योजनेत मोजले जाते. एका टनाला एक परवाना लागतो, त्यामुळे केवळ वळशापोटी सुमारे ४३६ परवाने विकत घ्यावे लागतील. येथे अनेकांचा जुना तक्ता फसतो, कारण २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्के आणि २०२५ च्या ७० टक्के उत्सर्जनासाठीच परवाने द्यायचे होते, परंतु २०२६ पासून ते पूर्ण उत्सर्जनासाठी द्यायचे आहेत.

यानंतर कार्बन तीव्रता निर्देशांक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला सीआयआय, पाहावा. २०२३ पासून लागू झालेल्या या मोजमापात वर्षभराच्या कार्बन डायऑक्साइडला जहाजाची क्षमता आणि कापलेले अंतर यांच्या गुणाकाराने भागतात, म्हणून केवळ अंतर वाढल्याने जहाजाची ‘ए’ ते ‘ई’ यांपैकी मिळणारी श्रेणी घसरत नाही. ती घसरते वेगामुळे. गेलेले दिवस भरून काढण्यासाठी चार्टरर, म्हणजे जहाज भाड्याने घेणारा, १५ नॉटचा आग्रह धरतो, आणि रोजचा खर्च २८ टनांवरून ४३ टनांच्या आसपास जातो; दर मैलामागे जवळजवळ एक तृतीयांश इंधन अधिक जळते. लागोपाठ तीन वर्षे ‘डी’ किंवा एकदाच ‘ई’ श्रेणी मिळाली, तरी सुधारणा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. केपचा मार्ग घेतल्यास उशीर मान्य करावा, वेग वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सर्व चार्टर पार्टीवर, म्हणजे जहाजाच्या भाडेकरारावर, सही होण्यापूर्वी लिहून घ्यावे. टाइम चार्टरमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारात, इंधन चार्टरर घेतो, परंतु परवाने जमा करण्याची जबाबदारी मालकावर, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यवस्थापन कंपनीवर, राहते. परवान्यांचा खर्च कोणाचा, ते कोणत्या तारखेला मालकाच्या खात्यात येतील, वळशाच्या दिवसांचे भाडे चालू राहील का, आणि धोका दिसल्यास कप्तानाला मार्ग नाकारता येईल का, ही चार उत्तरे कलमांत असलीच पाहिजेत. युद्धजोखमीचा विमाही याच वेळी पाहावा, कारण लंडनच्या जॉइंट वॉर कमिटीने (विमा व्यावसायिकांची समिती) जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्रात शिरण्यापूर्वी विमाकंपनीला कळवून जादा हप्ता ठरवावा लागतो.

केपचा मार्ग निर्धोक आहे, असे मात्र समजू नये. माल्टाचा ध्वज लावलेले ‘रुएन’ हे मालवाहू जहाज १४ डिसेंबर २०२३ रोजी सोमाली चाच्यांनी अरबी समुद्रात पळवले आणि पुढे त्याचाच तळासारखा वापर केला. भारतीय नौदलाने १६ मार्च २०२४ रोजी ते सोडवले आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले. ‘केम प्लुटो’ या टँकरवर २३ डिसेंबर २०२३ रोजी ड्रोन आदळला तो वेरावळपासून सुमारे २०० सागरी मैलांवर. त्यामुळे कोणताही मार्ग घेतला तरी जहाजाची नोंद यूकेएमटीओ या ब्रिटिश सागरी सुरक्षा केंद्राकडे आणि भारतीय नौदलाच्या गुरुग्राम येथील माहिती केंद्राकडे करावी. निघण्यापूर्वी काटेरी तारा, टेहळणीच्या पाळ्या आणि सुरक्षा-इशारा यंत्रणेची चाचणी या गोष्टी उरकाव्यात.

सिटाडेल, म्हणजे हल्ल्याच्या वेळी सर्वांनी आत कोंडून घ्यायची खोली, स्वतः पाहावी. जानेवारी २०२४ मध्ये चाच्यांनी चढाई केलेल्या ‘लीला नॉरफोक’ जहाजावरील २१ जण अशाच खोलीत सुरक्षित सापडले. तपासणीच्या दिवशी दार उघडे ठेवून सॅटेलाइट फोन लागतो आणि सगळे समाधानाने मान डोलावतात. दार बंद करून, आतून अडसर लावून तो पुन्हा लावून पाहावा. खोलीत पोलादाच्या भिंतींपलीकडे सिग्नल पोहोचत नसेल, तर अँटेना बाहेर बसवून केबल दडवून आत आणावी लागते. एक जरी खलाशी बाहेर राहिला, किंवा आतून संपर्क नसेल, तर नौदल जहाजावर चढण्यास सहसा तयार होत नाही.

आता वेगाचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. जुन्या बल्क कॅरिअरनी ऊर्जाकार्यक्षमतेची अट पूर्ण करण्यासाठी इंजिनची शक्ती मर्यादित करून घेतली आहे. यांत्रिक नियंत्रणाच्या इंजिनावर इंधनाच्या दांड्याला अडवणारा स्क्रू तारेने सीलबंद केलेला असतो, इलेक्ट्रॉनिक इंजिनावर पासवर्ड असतो. मुळात १३-१४ नॉटचे जहाज चाच्यांच्या लहान बोटींसमोर दुबळे असते, आणि सील तोडल्यास दंड होईल या भीतीने चीफ इंजिनिअर हात आखडता घेतो. ही भीती अनाठायी आहे. चाच्यांपासून बचाव हे राखीव शक्ती, म्हणजे मर्यादेपलीकडची अडवून ठेवलेली शक्ती, वापरण्याचे मान्य कारण म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतच नमूद आहे. म्हणून सील कोणी, कोणाच्या आदेशाने आणि किती मिनिटांत काढायचे, याचा सराव इंजिनरूम आणि ब्रिज (जहाज चालवण्याचा कक्ष) यांनी मिळून करावा आणि त्याची लेखी सूचना दोन्ही ठिकाणी लावावी.

इंधनाबाबत थोडक्यात: केपच्या वाटेवर अनोळखी बंदरात बंकर, म्हणजे जहाजाचे इंधन, घेतल्यास पावती तीन वर्षे आणि नमुना किमान बारा महिने सांभाळावा. भूमध्य समुद्रातही १ मे २०२५ पासून ०.१० टक्के गंधकाची मर्यादा लागू आहे. तेथे शिरण्यापूर्वी इंधन बदलून वेळ व ठिकाण लॉगबुकात लिहावे.

धोक्याचा टापू ओलांडल्यावर राखीव शक्ती वापरली असल्यास तारीख, वेळ, जहाजाचे स्थान आणि कारण ठरलेल्या नोंदवहीत लिहावे, ध्वज राष्ट्राला (जेथे जहाजाची नोंदणी आहे) किंवा क्लासला (जहाजाला प्रमाणपत्र देणारी संस्था) आणि ज्या बंदराकडे जहाज निघाले आहे तेथील प्राधिकरणाला विनाविलंब कळवावे, आणि लवकरात लवकर मर्यादा पुन्हा बसवून नव्या सीलची खातरजमा क्लासकडून करून घ्यावी.