कांदा, मेंढ्या आणि टकळी: एका घरात दोन्ही कामं कशी बसवायची

सिन्नर तालुक्यात, देवनदीच्या अंगाला आमची तीन एकर जमीन आहे. खरिपाला सोयाबीन, मग उन्हाळ कांदा, खाण्यापुरता गहू, बांधाला डाळिंबाची थोडी झाडं आणि गोठ्याला लागून आठ दख्खनी मेंढ्या. त्यांची लोकर मी स्वतः धुते, पिंजते, कातते, विणते आणि विकते. बचत गटातल्या मुली नेहमी विचारतात, "काकू, शेती सांभाळून हे जमतं कसं?" त्यांच्यासाठी आणि ज्यांना हे काम मनापासून करायचंय त्या सगळ्यांसाठी सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, लोकरीच्या कामाचे दोन भाग करा: हातातून केव्हाही खाली ठेवता येईल असं काम आणि एकदा सुरू केलं की पुरं करावंच लागेल असं काम. कातणं आणि विणणं पहिल्या भागात येतं. कातरणी, धुणं, रंगवणं दुसऱ्या भागात. पहिल्या भागातलं काम रोजच्या फटीत बसतं. दुसऱ्यासाठी शेतीतली मोकळी वेळ आधीच ठरवून ठेवावी लागते. ही विभागणी केली नाही तर भिजलेली लोकर टबात आणि वावरात पाणी फुटलेलं, अशी ओढाताण होते.

आमच्याकडे वर्ष असं चालतं. जूनमध्ये पेरणी, मग निंदणी, फवारणी. या दिवसांत लोकर धुवायला काढायचीच नाही, कारण ती वाळत नाही आणि कुबट वास धरते. फक्त कातायचं. सोयाबीन सोंगून झालं, पाऊस उघडला की दिवाळीच्या मागेपुढे पहिली कातरणी करायची. तेव्हा विहिरीला पाणी असतं, ऊन कोरडं असतं, म्हणून धुण्याचं मोठं काम नोव्हेंबरात उरकायचं. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागवड; दिवसभर वाकून रोपं लावल्यावर संध्याकाळी बारीक विणकाम होत नाही, तेव्हा जाड सुतावरचं सरळ काम हातात ठेवायचं. फेब्रुवारीत थोडा श्वास मिळतो. दुसरी कातरणी फेब्रुवारीअखेर. मार्च-एप्रिल कांदा काढणी, तेव्हा लोकर बंद. कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, गेला की रंगाचे दिवस. द्राक्षवाल्या बायांचं वेळापत्रक वेगळं निघेल: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे दोन खुंटे धरून त्यांनी आपलं आखावं.

टकळी मला सगळ्यात मोलाची वाटते ती याचसाठी. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. मोटर चालू करून बारं, म्हणजे पाण्याचा पाट, बदलायची वाट पाहत बांधावर बसलेला वेळ हा कातण्याचा हक्काचा वेळ आहे. चरखा भरभर चालतो, पण तो घरातच राहतो. टकळी ओटीत घालून नेता येते आणि कुणी हाक मारली की गुंडाळून ठेवता येते. मात्र कापसाची पितळी टकळी या लोकरीला चालत नाही. ती फार हलकी पडते. सुताराकडून लाकडी चकती आणि दांडी करून घ्या, वजन साधारण ५० ग्रॅम. चकती मध्यावर नीट बसली पाहिजे, नाहीतर टकळी डगमगते आणि पीळ एकसारखा पडत नाही.

मेंढ्यांबद्दल, आणि बोर्डोबद्दल

आठ मेंढ्यांवर लोकर फार मिळत नाही. दख्खनी मेंढीची मेंढीमागे वर्षाला अर्धा-पाऊण किलोच धरा, आणि धुऊन-निवडून त्यातली बरीच कमी होते. उरलेली मी धनगरांच्या वाड्यावरून, म्हणजे त्यांच्या मेंढ्यांच्या तळावरून घेते. कांदा निघाल्यावर किंवा पेरणीआधी रान मोकळं असलं की धनगरांचे वाडे खतासाठी शेतात बसवतात. लोकरीची बोलणी तेव्हाच करून ठेवायची. जावळाची, म्हणजे कोकराची पहिल्या कातरणीची लोकर वेगळी बांधून मागा आणि तिला जास्त भाव द्या. ती सगळ्यात मऊ असते. जावळाच्या घोंगडीला पूर्वीपासून मान आहे तो उगाच नाही. आज या लोकरीला बाजारात भाव नाही म्हणून कितीतरी ठिकाणी ती कातरून टाकून देतात. मला ते बघवत नाही.

नाशिक जिल्ह्यात मेंढी पाळणाऱ्या प्रत्येकीला एक गोष्ट मी कळकळीने सांगते. मेंढीला तांबं सोसत नाही. गाईला, शेळीला चालेल एवढ्या तांब्यानेही मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस जनावर अचानक पिवळं पडून मरतं. आपल्याकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतात आणि त्यात मोरचूद, म्हणजे तांबंच असतं. म्हणून फवारलेल्या बागेतलं गवत मेंढ्यांना घालू नका, छाटणीचा पाला आणून टाकू नका, शेजाऱ्याने प्रेमाने दिला तरी नाही. गाईचं खनिज मिश्रणही मेंढीपुढे ठेवू नका; मेंढीसाठीचं वेगळं मागून घ्या. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्यायचं. काळ्या रानात चिखलात उभ्या राहिल्या की खुरं सडतात, म्हणून गोठ्यात मुरूम टाकून उंचवटा करा.

कातरणीच्या एक-दोन दिवस आधी मेंढ्या नदीवर धुऊन आणायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. एवढ्याने अर्धी माती निघून जाते. कातरताना पोटाखालची, शेपटीकडची, शेणाने माखलेली लोकर तिथल्या तिथे बाजूला काढा. ती फेकू नका. लोकरीत नत्र भरपूर असतं आणि ती सावकाश कुजते. डाळिंबाच्या आळ्यात मातीखाली पसरली की ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात त्याचा फार आधार होतो.

धुणं, पिंजणं, कातणं

आधी कोरडी लोकर झटकून गोखरू, कुसळं वेचा. मग कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी घालून लोकर दाबून भिजवा. चोळायची नाही, पिळायची नाही, नळाच्या धारेखाली धरायची नाही. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घातली की तिचा गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही, म्हणून सगळी पाणी सारख्याच उष्णतेची ठेवा. धुण्याचा सोडा अजिबात वापरू नका, त्याने केस ठिसूळ होतो. पहिलं मातकट पाणी झाडांना जातं. जाळीवर सावलीत पसरा. काळी लोकर उन्हात तांबूस पडते.

पिंजायला दातेरी ब्रशांची जोडी लागते. ती महाग वाटली तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घ्या, सुरुवातीला तेवढ्याने भागतं. पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची गुंडाळी, सैल करा. आखूड, ताठ, खरखरीत केस पिंजताना आपोआप खाली गळतात. जे गळत नाहीत ते चिमटीने काढा, कारण टोचणारे तेच असतात. सूत दुपदरी करा: दोन एकेरी धागे उलट्या दिशेने एकत्र पिळायचे. मग लडी करून कोमट पाण्यात भिजवा आणि वाळत टाकताना खाली हलकं वजन अडकवा. पीळ बसतो.

लागवडीच्या दिवसांत बोटांना भेगा पडतात आणि लोकर त्यात अडकते. रात्री कोकमतेल चोळून झोपा. आणि फवारणी केलेल्या दिवशी हात कितीही धुतले असले तरी लोकरीला हात लावू नका. लोकर वास आणि औषध दोन्ही धरून ठेवते.

रंगाच्या बाबतीत आपण कांदावाले भाग्यवान आहोत. चाळीत कांदा निवडताना जो पापुद्रा उडतो, तो पोत्यात भरून ठेवा. १०० ग्रॅम कोरड्या पांढऱ्या लोकरीला १२ ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून, भिजवलेली लोकर त्यात घाला आणि पाऊण तास मंद आचेवर ठेवा, उकळी येऊ देऊ नका. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम कांद्याची सालं तासभर उकळून गाळून घ्या. कोमट झाल्यावर लोकर त्यात सोडा, हळूहळू तापवा, पुन्हा पाऊण तास, मग भांड्यातच गार होऊ द्या. सोनेरी-नारिंगी रंग येतो. उरलेल्या पाण्यात दुसरी लडी टाकली की फिकट पिवळा. डाळिंबाच्या सालीचा पिवळा जरा हिरवट झाक देतो आणि गंजक्या खिळ्यांचं थोडं पाणी घातलं की गडद होतो. थोडंच, कारण लोखंड जास्त झालं की लोकर राठ होते. दसऱ्याचा झेंडूही वाळवून ठेवावा. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. काळ्या लोकरीवर रंगाची मेहनत करू नका, ती आहे तशीच सुंदर असते.

काय विणायचं आणि काय भावाने विकायचं

दख्खनी लोकरीचं स्वेटर करू नका. ती अंगाला टोचते आणि गिऱ्हाईक एकदा टोचलं की परत येत नाही. या लोकरीचा गुण टिकण्यात आहे. पूजेचं, पारायणाचं, ध्यानाचं आसन, पायपुसणं, गरम भांड्याखालची चकती, खांद्यावरची पिशवी, लॅपटॉपचं कव्हर, हे तिच्यासाठीच आहे. आसनाला ६ मिलिमीटरच्या सुया घ्या आणि सगळी ओळ सुलट, परतताना पुन्हा सुलट, असं विणा. कडा मुडपत नाहीत. अंगावर घालायचं असेल तर टोपी-मफलरसाठी मेरिनो मेंढीची मऊ लोकर विकत घ्या आणि चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहा. अॅक्रिलिकचा धागा मिसळून 'शुद्ध लोकर' म्हणून विकणं मला मान्य नाही. आपल्या सगळ्या जणींचा विश्वास त्याने जातो.

भाव ठरवताना स्वतःची मजुरी धरा. बायांना कांदा लागवडीचा रोज आपण देतो, मग स्वतःला का नाही? समजा आठ तासांचा रोज ३५० रुपये, म्हणजे तासाला साधारण ४४. दोन फुटी आसनाला पिंजणं, कातणं, विणणं मिळून २२ तास लागले तर मजुरी ९६८ रुपये. लोकर, तुरटी, सरपण १५०. प्रवास, पार्सल, स्टॉलचं भाडं यासाठी आणखी १८०. म्हणजे १,३०० रुपयांच्या खाली विकलं की तुम्ही पदरचे पैसे घालताय. "मशीनचं दोनशेला मिळतं" असं गिऱ्हाईक म्हणतं. त्याला टकळी दाखवा, हातात कच्ची लोकर द्या, आसनावर बसवा. घासाघीस करू नका. कमी पैशांत हवं असेल तर भांड्याखालची चकती पुढे करा. लहान वस्तू स्टॉलवर हव्यातच, त्यांनी दिवसाचं भाडं निघतं.

विक्रीसाठी गटामार्फत 'उमेद'च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कार्यालयात नाव नोंदवून ठेवा. बचत गटांच्या 'सरस'सारख्या प्रदर्शनात जागा त्यातूनच मिळते. नाशिकला डोंगरे वसतिगृह मैदानावर प्रदर्शनं लागतात, तिथे आधी गिऱ्हाईक म्हणून फिरून या आणि लोक कशाला हात लावतात ते बघा. प्रदर्शन लागवडीच्या दिवसांत आलं तर गटातली एकच जण सगळ्यांचा माल घेऊन जाईल, असं आधीच ठरवा. तिचा त्या दिवसाचा रोज सगळ्यांनी मिळून द्यायचा.

ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि तारीख शेतीचं पाहून द्या. मी १ मार्चपासून कांदा चाळीत जाईपर्यंत नवी ऑर्डर घेत नाही आणि फोनच्या स्टेटसवर तसं टाकून ठेवते. लोक थांबतात. त्या काळात तयार असलेल्या वस्तूच विकायच्या, म्हणून हिवाळ्यात कातलेल्या सुताच्या थोड्या जास्त वस्तू विणून ठेवाव्यात. साठवणीत कसर लागू नये म्हणून सगळं कडक उन्हात झटकून, वेखंडाचे तुकडे घालून, सुती पिशवीत बांधा आणि दर महिन्याला एकदा उघडून बघा. पार्सल पावसाळ्यात जाणार असेल तर सुती पिशवीवरून प्लॅस्टिक घाला आणि आत चिठ्ठी ठेवा: कोमट पाण्यात, न पिळता, सावलीत वाळवा.