उतारावरची चाकं: ज्ञानरचनावादी मांडणी कशी करावी

विज्ञान केंद्रात बटण दाबलं की दिवा लागतो, मूल पुढच्या टेबलाकडे पळतं. मूल आधीच्या समजुतींवर स्वतःच ज्ञान रचतं, असं मानणाऱ्या ज्ञानरचनावादाच्या दृष्टीने ही मांडणी वाया गेली, कारण मुलाची आधीची समजूत तिने विचारलीच नाही. ती समजूत बाहेर काढण्यासाठी चाकांची शर्यत हा उत्तम विषय आहे.

प्रत्येक चाकाला ९ मिमी प्लायवूडच्या २५ सेंमी व्यासाच्या दोन तबकड्या लागतात. त्या ५ सेंमी अंतरावर जोडा, म्हणजे चाक आडवं पडत नाही. दोन्ही तबकड्यांत १२० अंशांवर तीन खाचा पाडा आणि त्यांतून आरपार जाणाऱ्या बोल्टवर, तबकड्यांच्या मधल्या जागेत, ४ सेंमी व्यासाचे, ४ सेंमी लांबीचे लोखंडी ठोकळे बसवा (प्रत्येकी सुमारे ४०० ग्रॅम). ते केंद्रापासून ४ ते १० सेंमीपर्यंत सरकावेत, पण निघू नयेत. सुटे ठेवले तर पहिल्याच आठवड्यात हरवतात. अशी वेगवेगळ्या रंगांची दोन चाकं करा. दीड मीटरच्या फळीचं एक टोक २१ सेंमी उचला, खालच्या टोकाला जाड रबर लावा. एका चाकाचे ठोकळे आत, दुसऱ्याचे कडेला ठेवले, की आतले जिंकतात. दुसरं फूटभर मागे राहतं. वस्तुमान कडेला असलं की चाक फिरवायलाच जास्त ऊर्जा खर्च होते.

हे वाक्य फलकावर लिहायचा मोह आवरा. फलकावर एवढंच: ‘कोणतं जिंकेल? आधी त्याच्या रंगाची चकती लावा.’ स्पष्टीकरण हवंच असेल तर मागच्या बाजूला. बहुतेकांना वाटतं, जड चाक जिंकतं. म्हणून शेजारी तराजू ठेवा; वजन सारखं निघालं की खरा विचार सुरू होतो.

कोणी एकच ठोकळा बाहेर सरकवेल आणि चाक लंगडत जाईल. खाचांना खुणा करून हे बंद करू नका. पाहुण्याने स्वतः काढलेला प्रश्न तोच. चाकं एकाच वेळी सुटावीत म्हणून समोर आडवी पट्टी ठेवा, नाहीतर हरलेला हाताला दोष देतो आणि समजूत जशीच्या तशी राहते.

पक्कं बांधण्याआधी कच्चा नमुना दालनात ठेवून दुरून पाहा. चाकं सोडून लोक लगेच निघून जात असतील तर फलकाचा प्रश्न बदला. ठोकळे कोणी हलवतच नसेल, तर ते सरकतात हे दिसत नाही: त्यांना भडक रंग द्या.